रहीमसाहेब आणि भारतीय फुटबॉल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सय्यद अब्दुल रहीम यांच्यावर हिंदी चित्रपट आला आणि ज्यांनी उभ्या जन्मात फुटबॉलचा एक सामना पाहिला नव्हता तेही विचारू लागले, 'हे खरंच घडलं होतं का?' त्याच त्या प्रश्नांना सुटीसुटी उत्तरं देण्यापेक्षा सगळी एका ठिकाणी लिहून ठेवलेली बरी, म्हणून हे पान.

हे रहीमसाहेब नेमके कोण?

हैदराबादचे शाळामास्तर. जन्म १७ ऑगस्ट १९०९, मृत्यू ११ जून १९६३. १९५० पासून अखेरपर्यंत ते हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाचे प्रशिक्षक होते आणि त्याच काळात भारतीय संघही त्यांच्याच हाताखाली घडला. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांतली सुवर्णपदकं आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला चौथा क्रमांक ही त्यांची ठळक कमाई. भारतीय पुरुष संघाने आशियाई स्पर्धेत जिंकलेली सुवर्णपदकं दोनच, आणि दोन्ही वेळी प्रशिक्षक हाच माणूस.

खेळाडू त्यांना 'रहीमसाब' म्हणत. आपण रहीमसाहेब म्हणू.

ते स्वतः मोठे खेळाडू होते का?

बऱ्यापैकी खेळत. उस्मानिया विद्यापीठाच्या संघातून खेळले, मग स्थानिक क्लबांतून. पण त्यांचं नाव झालं ते पायांमुळे नव्हे. बी.ए. झाल्यावर त्यांनी काचीगुडा, चादरघाट या भागांतल्या शाळांत शिकवलं, शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळेतल्या खेळांची जबाबदारी अंगावर घेतली. चाळिशीच्या दशकात हैदराबाद फुटबॉल संघटनेचं सचिवपद त्यांच्याकडे आलं ते मरेपर्यंत राहिलं.

त्या काळी आपल्याकडे प्रशिक्षक म्हणजे बहुधा निवृत्त खेळाडू. पळायला लावणार, ओरडणार, जमलं तर स्वतः दोन फटके मारून दाखवणार. रहीमसाहेब वर्गातून मैदानावर आले. एकच गोष्ट चाळीस मुलांना चाळीस तऱ्हांनी समजावायची सवय त्यांना आधीच होती. त्यांच्या यशाचं मूळ मला तरी इथेच दिसतं.

महाराष्ट्राशी त्यांचा काही संबंध?

आहे, आणि चांगला घट्ट आहे. त्यांच्या पोलीस संघाने लागोपाठ पाच वर्षं, १९५० ते १९५४, रोव्हर्स कप जिंकला. रोव्हर्स ही मुंबईची स्पर्धा. १८९१ साली सुरू झालेली, आणि तिचं घर होतं चर्चगेटहून चालत जाण्याच्या अंतरावरचं कूपरेज. म्हणजे रहीमसाहेबांचा खेळ देशाच्या डोळ्यांत भरला तो मुंबईकरांच्या साक्षीने. १९५० साली त्याच संघाने ड्युरंड कपच्या अंतिम फेरीत मोहन बागानला हरवलं. तेव्हा फुटबॉल म्हणजे कलकत्ता असं समीकरण होतं आणि ते पोलिसांच्या या पोरांनी मोडलं.

मुंबईच्या वाट्याला दुसरी बाजूही आली. १९५६-५७ आणि १९५७-५८ अशा दोन्ही वर्षी हैदराबादने संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकली आणि दोन्ही अंतिम सामन्यांत समोर मुंबईच होती.

आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाडा आणि हैदराबाद एकाच राज्यात होते. औरंगाबाद, परभणी, नांदेडची मुलं उच्च शिक्षणासाठी उस्मानियाची वाट धरत. त्यामुळे मराठवाड्यातल्या जुन्या पिढीला 'हैदराबादचा संघ' परका वाटण्याचं कारण नव्हतं. राज्यांच्या फेररचनेनंतर बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्नमध्ये भारत ऑस्ट्रेलियाविरुद्ध उतरला. त्याबद्दल पुढे येईलच.

त्यांच्या शिकवण्यात असं वेगळं काय होतं?

या प्रश्नाला मी सगळ्यांत जास्त जागा देणार आहे, कारण पदकांची यादी कुठेही मिळते.

रहीमसाहेब हैदराबादेत विचित्र नियमांच्या स्पर्धा भरवत. एका स्पर्धेत ड्रिबलिंगला बंदी. चेंडू आला की पास द्यायचा, घेऊन पळायचं नाही. दुसरीत फक्त कमजोर पायाने खेळायचं. उजव्या पायाच्या मुलाने डाव्यानेच मारायचं, डावऱ्याने उजव्याने. तिसरी ठराविक उंचीच्या आतल्या मुलांची, म्हणजे धिप्पाड पोरांनी ढकलून सामना नेण्याचा प्रश्नच मिटला.

आता यातली खुबी पाहा. ड्रिबलिंग बंद केलं की मुलाला चेंडू पायात येण्याआधीच मान वर करून पाहावं लागतं, आपला माणूस कुठे आहे ते. 'मान वर ठेव' असं शंभर वेळा ओरडून जे होत नाही ते एका नियमाने होतं. आणि ज्याच्या पायात चेंडू नाही त्यालाही उभं राहून चालत नाही, कारण पास घ्यायला मोकळ्या जागी जावंच लागतं. कमजोर पायाच्या सामन्यात पहिले काही दिवस नुसता गोंधळ, हशा, हवेत लाथा. पण त्यातून तयार झालेल्या विंगरला, म्हणजे मैदानाच्या कडेने चढाई करणाऱ्याला, बचावपटू एका बाजूला कोंडू शकत नाही. उंचीच्या अटीमागचा विचार तर फारच दूरचा होता. युरोपीय संघांपुढे भारतीय खेळाडू अंगाने कमीच पडणार, ही वस्तुस्थिती. मग अंगावर अवलंबून नसलेला खेळ लहानपणापासून का शिकवू नये?

दोष झाकायचा नाही, त्याच्याभोवती खेळ रचायचा, हे त्यांच्या सगळ्या योजनांत दिसतं. छोटे पास, जमिनीवरून पास, एका स्पर्शात पास. हवेतल्या चेंडूवर उंच माणसाशी झुंजायचं कशाला? चेंडू वर जाऊच द्यायचा नाही.

खेळाडूला त्याच्या नेहमीच्या जागेवरून उचलून दुसरीकडे खेळवणं हाही त्यांचा आवडता डाव. आज याला प्रत्येक प्रशिक्षक 'बहुपयोगी खेळाडू' वगैरे म्हणतो. त्या काळात फुलबॅक, म्हणजे मागच्या फळीतला बचावपटू, जन्मभर फुलबॅकच असायचा. जाकार्तात या सवयीने काय केलं ते खाली वाचा.

माणूस म्हणून ते शिस्तीचे कडक, पण पोरांची परिस्थिती ओळखणारे. तुलसीदास बलराम हा सिकंदराबादकडचा गरीब घरातला मुलगा. सरावाला रोज इतक्या लांब यायला पैसे नाहीत म्हणाला, तेव्हा भाड्याच्या सायकलचे पैसे रहीमसाहेबांनी दिले. ही आठवण बलराम म्हातारपणापर्यंत सांगत असत. ते सायकलचं भाडं वसूल झालं का, हे रोमच्या उत्तरात कळेल.

तेव्हा आपले खेळाडू अनवाणी खेळायचे ना? त्याबद्दल रहीमसाहेबांनी काय केलं?

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून १-२ असे हरले, तेही दोन पेनल्टी वाया घालवून. लोकांनी कौतुक केलं. कौतुकाचा तोटा असा की दोष लपला. १९५२ मध्ये हेलसिंकीत थंड, ओल्या मैदानावर युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ ने धुतलं. संघ रहीमसाहेबांचाच होता, हेही सांगायला हवं. त्यानंतर भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले.

अनवाणी पायांचं आपल्याला उगाच आकर्षण आहे. कोरड्या, टणक मैदानावर चेंडूचा स्पर्श चांगला कळतो, खरं. पण चिखलात पाय सरकतो, आणि बूटवाल्याचा पाय आपल्या पायावर पडला की संपलं. रहीमसाहेबांच्या संघात त्या मोकळ्या पायाची नजाकत राहिली आणि बूटही आले. मेलबर्नचा संघ त्यातूनच उभा राहिला.

१९५० च्या विश्वचषकाला भारत बूट नसल्यामुळे गेला नाही, हे खरं का?

नाही. ब्रह्मदेश, इंडोनेशिया, फिलिपिन्स यांनी माघार घेतल्याने भारताला ब्राझीलचं तिकीट न खेळताच मिळालं होतं. महासंघाला त्या स्पर्धेचं महत्त्वच वाटलं नाही. त्यांच्या लेखी ऑलिंपिक मोठं, विश्वचषक दुय्यम. त्यात लांबचा सागरी प्रवास. बुटांचं कारण नंतर चिकटलं, आणि तेव्हाचे कर्णधार शैलेन मन्ना यांनीच पुढे ते खोडून काढलं. रहीमसाहेबांच्या भारतीय संघाची कथा त्याच्या पुढच्या वर्षी, दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेपासून सुरू होते. तिथे मेवालालच्या एकमेव गोलवर भारताने इराणला अंतिम सामन्यात १-० असं हरवलं.

मेलबर्नला चौथा क्रमांक म्हणजे एवढं काय मोठं?

आधी टीकाकारांची बाजू घेऊ, कारण तिच्यात तथ्य आहे. भारताचा पहिल्या फेरीचा सामना हंगेरीशी होता. हंगेरीत उठाव झाला, सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले, आणि हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाही. भारताला पुढे चाल मिळाली. हंगेरी आली असती तर? अंदाज तुमचा तुम्ही करा.

पण त्यानंतर जे झालं ते मैदानावर झालं. यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारत ४-२ असा जिंकला, आणि त्यातले तीन गोल नेव्हिल डिसोझाचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. नेव्हिल मूळचा गोव्याचा, नाव झालं मुंबईच्या मैदानांवर. आज मुंबईत किती जणांना त्याचं नाव सांगता येईल, हे विचारायची मला भीती वाटते.

उपांत्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हिया. चार वर्षांपूर्वी दहा गोल करणारा तोच देश. मध्यंतरापर्यंत एकही गोल नाही. दुसऱ्या अर्धात पहिला गोल केला तो भारताने, नेव्हिलने! मग युगोस्लाव्हियाने चार केले आणि सामना ४-१ असा गेला. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० असं हरवलं. नेव्हिल चार गोलांसह स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या यादीत संयुक्तपणे पहिला.

१०-१ वरून ४-१ वर, तेही आधी आघाडी घेऊन. युगोस्लाव्हिया तेव्हा लागोपाठच्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक नेणारा संघ होता. 'चौथा क्रमांक' या दोन शब्दांपेक्षा मला या दोन आकड्यांमधलं अंतर जास्त सांगून जातं. खेळाडू काही चार वर्षांत उंच झाले नव्हते. खेळ बदलला होता.

ब्राझीलच्या आधी ४-२-४ रहीमसाहेबांनी आणली म्हणतात. खरं का?

४-२-४ म्हणजे मागे चार बचावपटू, मध्ये दोघे, पुढे चौघे. इथे जरा सावकाश जाऊ. अभिमानापोटी आपण फार लांब उडी मारतो.

त्या वेळी जगभर चालणारी रचना होती 'डब्ल्यू-एम'. मागे तीन बचावपटू, मध्ये चौघांचा चौकोन, पुढे तिघे. यात प्रत्येकाला ठरलेला गिऱ्हाईक असतो. मधला बचावपटू समोरच्या सेंटर फॉरवर्डला, म्हणजे आघाडीच्या फळीतल्या मधल्या खेळाडूला, चिकटून राहतो. आता सेंटर फॉरवर्डच मागे, मधल्या फळीत जाऊन उभा राहिला तर? बचावपटू त्याच्यामागे गेला की गोलासमोर भगदाड पडतं. नाही गेला तर तो मोकळा माणूस आरामात पास वाटत बसतो. दोन्हीकडून मरण. हंगेरीच्या हिदेगकुटीने नेमकं हेच करून २५ नोव्हेंबर १९५३ ला वेम्बलीवर इंग्लंडचा ६-३ असा धुव्वा उडवला आणि सगळ्या जगाचे डोळे उघडले.

रहीमसाहेब हे सगळं बारकाईने पाहत, वाचत होते. हैदराबादसारख्या ठिकाणी, दूरचित्रवाणी नसताना, पुस्तकं आणि परदेशी संघांचे सामने एवढ्याच शिदोरीवर. मागे ओढलेला सेंटर फॉरवर्ड त्यांनी पन्नाशीच्या दशकातच भारतीय संघात आणला आणि तिथून चार बचावपटूंच्या रचनेपर्यंत ते पोचले. ब्राझीलने १९५८ च्या विश्वचषकात ४-२-४ जगासमोर मांडली, त्या सुमारास भारतीय संघ त्याच दिशेने चालत होता, इतकं म्हणता येईल. ब्राझीलने भारताकडून घेतली असं म्हणणं म्हणजे चहाच्या टपरीवरच्या गप्पा. हंगेरी आणि ब्राझीलमध्ये ही कल्पना पन्नाशीच्या सुरुवातीपासून शिजत होती. एक हैदराबादी शिक्षक जगाच्या मागे नव्हता, बरोबर होता, यात कौतुक कमी आहे का?

रोम ऑलिंपिकमध्ये काय झालं?

१९६०. गट भलताच अवघड होता : हंगेरी, फ्रान्स, पेरू. हंगेरीशी १-२ अशी हार, फ्रान्सशी १-१ बरोबरी, पेरूकडून १-३. पी. के. बॅनर्जी कर्णधार. हंगेरी आणि पेरूविरुद्ध भारताचे गोल बलरामचे, फ्रान्सविरुद्धचा पी. के. यांचा. शेवटच्या काही मिनिटांपर्यंत फ्रान्सविरुद्ध भारत पुढे होता. सायकलच्या भाड्याचा हिशेब जुळला असं समजा.

त्यानंतर भारतीय फुटबॉल संघ ऑलिंपिकला गेलेला नाही.

जाकार्ता १९६२ ची एवढी गोष्ट का सांगतात?

कारण ती गोष्टच तशी आहे.

इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नाही. ऑलिंपिक समितीवरचे भारतीय सदस्य गुरुदत्त सोंधी यांनी त्याला आक्षेप घेतला. ही स्पर्धा 'आशियाई' म्हणवून घेऊ शकत नाही, असा त्यांचा मुद्दा. त्यावरून जाकार्तात भारताविरुद्ध वातावरण पेटलं, भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. भारतीय खेळाडू मैदानावर उतरले की गॅलरी हुर्यो उडवायची. अंतिम सामन्याला जमलेले लाखभर लोक समोरच्या दक्षिण कोरियाच्या बाजूने कमी आणि भारताच्या विरुद्ध जास्त होते.

सुरुवातही वाईट. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ अशी हार. मग थायलंडवर ४-१, जपानवर २-०. पण थायलंडच्या सामन्यात जर्नेलसिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. जर्नेलसिंग म्हणजे आशियातला सर्वोत्तम बचावपटू. बचावपटूचं निम्मं काम डोक्याने चेंडू परतवण्याचं, आणि याच्या कपाळाला पट्टी.

दुसरा कुणी असता तर त्याला बाकावर बसवलं असतं. रहीमसाहेबांनी त्याला उचललं आणि सेंटर फॉरवर्ड केलं! बचावपटूला आघाडीवर. तर्क साधा होता. बचावात त्याला प्रत्येक उंच चेंडूला डोकं लावावं लागलं असतं, आघाडीवर ते टाळता येतं. शिवाय असला दांडगा गडी अंगावर येताना पाहून समोरचे बचावपटू बिचकणार, आणि जखमेकडे पाहून त्याला हलक्यात घेण्याची चूकही करणार. दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याने गोल केला, भारत ३-२ जिंकला.

अंतिम सामना ४ सप्टेंबरला, पुन्हा दक्षिण कोरियाशी. गोलरक्षक पीटर थंगराज आजारातून नुकता उठलेला. त्याच्या जागी प्रद्युत बर्मन चांगला खेळत होता. तरीही रहीमसाहेबांनी उंचापुऱ्या थंगराजला उतरवलं, कारण कोरियाचे हवेतून येणारे चेंडू. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीने गोल केला, विसाव्या मिनिटाला जर्नेलसिंगने. कोरियाने शेवटी शेवटी एक परत केला, पण २-१ वर शिट्टी वाजली.

खेळाडूंच्या आठवणींत दोन गोष्टी हमखास येतात. एक, सगळं मैदान विरोधात असताना भारतासाठी ओरडणारा गट होता पाकिस्तानच्या हॉकी खेळाडूंचा. दोन, आदल्या रात्री रहीमसाहेबांनी मुलांना जवळ बसवून उद्या मला एक भेट द्या, एवढंच मागितलं होतं. त्यांना फुप्फुसाचा कर्करोग होता. नऊ महिन्यांनी ते गेले. वय अवघं ५३.

या संघात आपल्याकडचं कोण, असंही विचारतात. कर्णधार चुनी गोस्वामी, पण हाफबॅक, म्हणजे मधल्या फळीतला, फोर्तुनातो फ्रँको हा गोव्यातल्या कोलवाळचा, मुंबईच्या टाटा स्पोर्ट्सकडून खेळणारा. गोवा मुक्त होऊन जेमतेम नऊ महिने झाले होते आणि गोव्याचा मुलगा भारतासाठी सोनं घेऊन आला! बचावातला चंद्रशेखर मूळचा केरळचा, पण क्लब मुंबईचा, कालटेक्स.

चित्रपटात दाखवलंय ते सगळं खरं आहे का?

सांगाडा खरा, मांस पटकथेचं. सामने, गुण, आजारपण, जर्नेलसिंगची पट्टी, जाकार्तातला राग, हे घडलेलं आहे. खलनायक आणि टाळ्यांची वाक्यं चित्रपटाची गरज म्हणून आली आहेत असं धरून चाला. मला एकच खटकलं : कमजोर पायाच्या स्पर्धा कुठे ठळकपणे दिसल्या नाहीत. त्या दिसल्या असत्या तर पोरांनी घरी जाऊन तरी करून पाहिल्या असत्या.

त्यांना कोणता राष्ट्रीय पुरस्कार मिळाला?

जिवंतपणी म्हणावा तसा कुठलाच नाही. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला १९८५ साली, ते जाऊन बावीस वर्षं झाल्यावर. फुटबॉलमधला पहिला द्रोणाचार्य १९९० मध्ये सय्यद नईमुद्दीन यांना मिळाला, आणि नईमुद्दीन हे हैदराबाद पोलिसांच्याच मैदानावर घडलेले. पुढे आय-लीग या क्लबांच्या राष्ट्रीय स्पर्धेत सर्वोत्तम प्रशिक्षकाच्या पुरस्काराला रहीमसाहेबांचं नाव देण्यात आलं.

त्यांच्या हाताखालून गेलेल्यांपैकी पुढे प्रशिक्षक कोण झालं?

त्यांचा प्रभाव मोजायचा असेल तर इथे मोजावा.

पी. के. बॅनर्जी यांनी पुढे कलकत्त्यात ईस्ट बंगाल आणि मोहन बागान दोन्ही गाजवले आणि भारतीय संघालाही शिकवलं. खेळाडूला बोलून पेटवायची त्यांची हातोटी प्रसिद्ध आहे, आणि आपण ती कुठे शिकलो हे ते कधी लपवत नसत. जाकार्ताच्या संघातले अरुण घोषही पुढे प्रशिक्षक झाले. १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत भारताने कांस्यपदक जिंकलं तेव्हा कर्णधार होते नईमुद्दीन आणि प्रशिक्षकांमध्ये पी. के. बॅनर्जी. म्हणजे रहीमसाहेबांना जाऊन सात वर्षं झाल्यावरही संघावर त्यांचाच हात होता. आशियाई स्पर्धेतलं ते भारतीय पुरुष फुटबॉलचं आजवरचं शेवटचं पदक.

घरातही एक शिष्य होता. मुलगा सय्यद शाहिद हकीम रोमच्या संघात होता. पुढे तो हवाई दलात अधिकारी, फिफाचा पंच आणि प्रशिक्षकही झाला. २०१७ साली त्याला ध्यानचंद पुरस्कार मिळाला, २०२१ मध्ये त्याचं निधन झालं. बापाच्या ओळखीवर संघात आला असं कुणी म्हणू नये याची रहीमसाहेबांना किती धास्ती असेल! रोमला तो एकही सामना खेळला नाही.

मग त्यांच्यानंतर सगळं कोसळलं का?

लगेच नाही. १९६४ च्या आशिया चषकात भारत दुसरा आला, पण त्या स्पर्धेत संघच चार होते. घसरण हळूहळू झाली आणि तिची कारणं एका माणसाच्या मृत्यूपेक्षा मोठी आहेत.

पहिलं, आपल्याकडचे स्थानिक सामने कित्येक वर्षं सत्तर मिनिटांचे होते. जगात नव्वद. शेवटच्या वीस मिनिटांत भारतीय संघ का ढेपाळायचा, याचं कोडं उरत नाही. दुसरं, हैदराबादचा झरा आटला. कलकत्त्याच्या मोठ्या क्लबांनी तिथली चांगली पोरं उचलली. बलराम गेला, नईमुद्दीन गेले, मोहम्मद हबीब गेला. त्यांचं भलं झालं, त्यात वावगं काही नाही. पण गल्लीतल्या मुलाला बघायला समोर कुणी उरलं नाही. तिसरं कारण मला सगळ्यांत जास्त सलतं. रहीमसाहेबांनी जे केलं ते त्यांच्या डोक्यात आणि खेळाडूंच्या पायांत राहिलं. त्या विचित्र स्पर्धांचे नियम शाळाशाळांत पोचवणारी व्यवस्था कुणी उभी केली नाही. मास्तर गेले आणि वर्ग सुटला.

अलीकडे हैदराबादच्या नावाचा संघ इंडियन सुपर लीगमध्ये आला आणि मार्च २०२२ मध्ये गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, त्याने अंतिम सामना पेनल्टींवर जिंकला. जुन्या हैदराबादकरांच्या डोळ्यांत पाणी आलं असेल. पण पुढे तो संघही दिल्लीला हलला.

मी शाळेत मुलांना फुटबॉल शिकवतो. रहीमसाहेबांची एखादी युक्ती आजही वापरता येईल का?

जरूर. हा प्रश्न विचारणाऱ्या शिक्षकांसाठीच मी इतकं लिहीत बसलो. खालचं मोजमाप माझं आहे, कल्पना त्यांची.

कबड्डीच्या मैदानापेक्षा थोडी मोठी जागा आखा. पाच-पाच मुलांचे दोन संघ. दहा मिनिटं फक्त कमजोर पायाने खेळा. चांगल्या पायात बूट आणि कमजोर पायात चप्पल असले प्रयोग करू नका, पाय मुरगळतो. त्याऐवजी चांगल्या पायाला रंगीत फीत बांधा म्हणजे पंचाला लगेच दिसतं. चांगला पाय लागला की चेंडू समोरच्यांचा. गोल मोजू नका, पहिले पंधरा दिवस तरी नाही, नाहीतर मुलं चोरून चांगला पाय वापरतात.

मग दहा मिनिटं ड्रिबलिंगबंदी. चेंडूला तीन स्पर्श, चौथा झाला की चूक. मुलं सरावली की दोन स्पर्श करा. एका स्पर्शावर यायची घाई नको, लहान मुलं घाबरून चेंडू कुठेही भिरकावतात. या वेळी कडेला उभं राहून 'पास दे, पास दे' म्हणून ओरडू नका. नियम ओरडतोच आहे.

उंचीची अट मात्र जपून लावा. दारावर खडूने रेघ मारून मुलांना रांगेत मोजायला गेलात तर उंच पोरं हिरमुसतात. त्यांना त्या दिवशी पंच करा, शिट्टी हातात दिली की तक्रार राहत नाही.